कोरी स्लाईड

निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले, तरी कुठल्याही खोलीत शिरलं की माझा हात आधी दिवा बंद करायला जातो. सून म्हणते, "अम्मी, लोक दिवा लावायला बटण शोधतात, तुम्ही विझवायला." तिचं बरोबर आहे. पण जिची उभी नोकरी खिडक्यांना काळा कागद चिकटवलेल्या खोलीत गेली, तिला उजेडाचं कौतुक कुठून असणार? आमच्याकडं उजेड म्हणजे चोर. दाराच्या फटीतून शिरला तरी दिवसभराचं काम नासवून जायचा.

मी मूळची सिल्लोडची, सय्यदांची शमीम. लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आले आणि इथल्याच एका विज्ञान संस्थेत लेझर सूक्ष्मदर्शक सांभाळायला लागले. पद तांत्रिक अधिकाऱ्याचं. अधिकार एकच होता, आत येणाऱ्याला "दार लावा" म्हणून ओरडायचा. तो मी पुरेपूर वापरला.

आता हा लेझर सूक्ष्मदर्शक काय करतो ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो गावात सांगायचा, आमची शमीम दुर्बिणीवर असते. साधा सूक्ष्मदर्शक वस्तू मोठी करून दाखवतो, पण ती कशाची आहे ते सांगत नाही. आमचा सांगायचा. लेझरचा किरण वस्तूच्या एका टिंबावर टाकायचा. बहुतेक उजेड जसा गेला तसाच परत येतो. त्यातला अगदी कणभर रंग बदलून येतो, आणि कुठल्या पदार्थानं तो रंग किती बदलायचा हे ठरलेलं असतं. तेलाचं वेगळं, साखरेचं वेगळं, मेणाचं वेगळं. तो बदल पडद्यावर टोकदार रेघ होऊन उमटतो. रेघ जुळली की पदार्थ ओळखला. ना रंग द्यायचा, ना जाळायचं, ना विरघळवायचं.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार यायची. सरकीच्या तेलात भेसळ आहे का ते बघायला एक व्यापारी आले होते. स्वतःचं तेल आणलं आणि शेजाऱ्याचंही. स्वतःच्यात भेसळ निघाली, तर म्हणाले, बाटल्यांची अदलाबदल झाली. एकदा दौलताबादकडचा एक खाणवाला रुमालात दगड बांधून आला. पांढराशुभ्र, आरपार दिसणारा, कडांना धार. तो हिरा आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, मशीननं हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. मी लेझर टाकला आणि ठसठशीत रेघ आली, गारगोटीची. शेतात, नदीत, पायाखाली पडलेली असते ती गारगोटी. क्वार्ट्झ म्हटलं की जरा भारी वाटतं एवढंच. वाळू म्हणजे तरी काय, बहुतेक गारगोटीचाच चुरा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, मशीन खराब हाय तुमचं." आणि दगड परत रुमालात बांधून तरातरा जिना उतरून गेला. हवं ते उत्तर मिळालं त्यानं मशीनचं कधी कौतुक केलं नाही, आणि नको ते मिळालं त्यानं मशीनला नावं ठेवल्याशिवाय जिना उतरला नाही. हा माझा आयुष्यभराचा अनुभव.

रंग बदलून आलेला उजेड इतका थोडा असतो की डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. तो पकडायला डिटेक्टर लागतो. आमच्याकडं सुरुवातीपासून होती ती ट्यूब, म्हणजे आतली हवा काढून घेतलेली काचेची नळी. उजेडाचा एक कण आत शिरला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो पुढच्या पत्र्यावर आदळून आणखी चार सोडतो, ते चार पुढच्यावर आदळतात, असं होत होत शेवटी मोजता येईल असा ठोका तयार होतो. गावात एकानं कुजबुजावं आणि पारावर पोचेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी व्हावं, तसंच. तिला गारवा लागायचा, एकसारखी वीज लागायची, आणि चालू असताना उघडा उजेड पडला की ती कायमची गेली म्हणून समजा. मी दारासमोर लावायला काळ्या जाड कापडाचा दुहेरी पडदा शिवायला टाकला, तर उस्मानपुऱ्यातला शिंपी मापं बघून मला विचारतो, बाजी, इतना बडा बुरखा किसका? म्हटलं, है एक बुढ्ढी, उजाले में नहीं निकलती.

म्हातारीच होती ती, पण इमानदार. तिची एकच खोड. निळा-हिरवा उजेड तिला छान कळायचा, गडद लाल उजेडाला मात्र ती जवळजवळ आंधळी. तेला-दगडाचं काम हिरव्या लेझरवर व्हायचं, त्यामुळं वर्षानुवर्षं काही अडलं नाही. माणसाच्या शरीरातला काप आला की पंचाईत. त्याच्यावर हिरवा लेझर टाकला की मांसच चमकायला लागतं आणि सगळ्या रेघा त्या चमकेत बुडून जातात. लाल टाकला तर चमक नाही, पण मग ट्यूबला दिसत नाही. इकडं आड, तिकडं विहीर.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख काळे सर. माणूस हुशार, हसरा आणि भलताच घाईचा. त्यांचे मित्र डॉ. मुळे शहरातल्या एका दवाखान्यात छातीचे डॉक्टर. एक दिवस मुळे डॉक्टरांनी फुफ्फुसाचा एक काप काचेच्या स्लाईडवर लावून पाठवला आणि सरांना विचारलं, यात बारीक कण दिसताहेत, ते गारगोटीचे आहेत का एवढं सांगता येईल का?

तो काप रावसाहेब हिवराळे नावाच्या माणसाचा. वाळूजकडच्या एका फाउंड्रीत तो नॉकआउटला होता. लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. ते जरा निवलं की साचा हादरवून फोडायचा आणि आतला भाग बाहेर काढायचा, याला नॉकआउट म्हणतात. वाळूचा धुरळा उडतो तो तिथंच. रावसाहेबाला खोकला होता, दम लागत होता, अंगावरचं मांस उतरलं होतं. टीबी म्हणून गोळ्यांचा कोर्स दोनदा झालेला, तिसरा चालू. थुंकीत जंतू मात्र एकदाही सापडले नव्हते. छातीच्या फोटोत ठिपकेच ठिपके. कॅन्सर असेल म्हणून आतला तुकडा काढला, तर तोही नाही.

उरल्या दोन गोष्टी. टीबी असला तर औषध आहे. माणूस बरा होतो, कामावर जातो. धूळ असली तर त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि त्याला औषध नाही. काम सोडायचं, नवी धूळ आत जाऊ द्यायची नाही, आणि उरलेल्या फुफ्फुसावर दिवस काढायचे. बस्स.

काप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रावसाहेब स्वतःच आला. त्याच्याच खात्यातला संतोष त्याला मोटरसायकलवरून घेऊन आला होता. तोही खोकत होता, पण त्याला विचारलं तर म्हणाला, थंडीचं हाय. रावसाहेब दारातूनच "जयभीम मॅडम" म्हणाला आणि जिना चढून आल्यामुळं भिंतीला धरून उभा राहिला. मी स्टूल दिलं. बोलता बोलता निघालं की तो भराडीचा, म्हणजे आमच्याच तालुक्यातला. मग मॅडम गेलं आणि आपा आलं. मी त्याला मशीन दाखवलं, आपल्याला काय शोधायचंय ते सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "आपा, टीबीच निघू द्या."

हे असलं मागणं मी पहिल्यांदाच ऐकलं. टीबी व्हावा म्हणून कुणी आर्जव करतं का? पण त्याचं गणित सरळ होतं. पुंडलिकनगरात भाड्याच्या दोन खोल्या, पोरगी बारावीला, आणि हाताला दुसरं कुठलंच काम माहीत नाही. टीबीवाला माणूस सुट्टी काढतो आणि परत जातो. धूळवाल्यानं जायचं कुठं?

मी काप तपासला. हिरव्यावर चमक, दुसरं काही नाही. लालवर ट्यूब गप्प. कितीतरी टिंबं बघितली, ताटकळत बसले, एकेका टिंबाला चहा पिऊन यावा इतका वेळ दिला. रेघ नाही. मग लेखी उत्तर दिलं, आमच्या यंत्राच्या मर्यादेत गारगोटी आढळली नाही. मुळे डॉक्टर फोनवर सरांना म्हणाले, माझं मन काही मानत नाही, पण तुमच्याकडून असं आल्यावर मी तरी कशाच्या जोरावर धूळ म्हणू? गोळ्या चालू ठेवल्या. आणि आमचं ते मर्यादा-बिर्यादा दवाखान्यापासून पुंडलिकनगरपर्यंत जाता जाता वाटेतच गळून पडलं. रावसाहेबाच्या घरी पोचलं ते एवढंच, वाळू नाय.

तो पेढे घेऊन आला. सरांना दिले, मला दिले, शिपायालाही बोलावून दिला. सुट्टी संपवून नॉकआउटला परत रुजू झालोय म्हणाला. सुट्टीत पडलेला खड्डा भरून काढायला डबल ड्यूटी घेतलीय, म्हणाला. खाली संतोष मोटरसायकलवर बसून हॉर्न वाजवत होता. रावसाहेबाचा चेहरा उजळला होता खरा. पेढा मी खाल्ला आणि मलाही बरं वाटलं. का नाही वाटणार?

त्यानंतर काही आठवड्यांनी बटण आलं. म्हणजे नव्या जातीचा डिटेक्टर. एका कंपनीनं वापरून बघायला, परत करायच्या बोलीवर दिला होता. त्याचा उजेड टिपणारा तुकडा नखापेक्षाही लहान, शर्टाच्या बटणासारखा, म्हणून आम्ही त्याला बटण म्हणायचो. ट्यूबमध्ये जो ठोक्यांचा पसारा काचेच्या नळीत व्हायचा तो यात सिलिकॉनच्या कणाएवढ्या जागेत होतो. आणि लाल उजेड त्याला स्वच्छ दिसतो. काळे सरांना हर्ष झाला. जुन्या-नव्याची तुलना करायची, दोन्हींना एकाच सूक्ष्मदर्शकावर आलटून पालटून लावायचं आणि लेख लिहायचा. मला काही हर्ष झाला नाही. नव्या सुनेनं घरात पाऊल टाकल्यावर सासूचं जे होतं ते ट्यूबच्या वतीनं माझं झालं.

असली तुलना करायची एक रीत आहे. तीन नमुने घ्यायचे. एक ज्यात रेघ ठळक येणार हे माहीत आहे. एक ज्यात पुसट येणार. आणि एक कोरा, ज्यात ती रेघ नाहीच. हा कोरा सगळ्यांत महत्त्वाचा. समोर काही नसलं तरी डिटेक्टर थोडे खोटे ठोके मोजतच असतो. कोण किती खोटं बोलतो हे कोऱ्या नमुन्यावरच कळतं. सरांच्या डोक्यात फुफ्फुसातली गारगोटी बसलेली होती, म्हणून रेघ तीच ठरवली. ठळक नमुना म्हणून खाणवाल्याच्या हिऱ्यासारखीच एक गारगोटी घेतली. पुसट म्हणून तिची चिमूटभर पूड मेणात मिसळली. आणि कोरा? सर म्हणाले, आहे की आपल्याकडं, रावसाहेबांचा काप, ट्यूबनं बघितलेलाच आहे. बरोबरच होतं. आम्हीच लिहून दिलं होतं ना त्यात काही नाही म्हणून. स्लाईडच्या कोपऱ्यावर मार्करनं 'कोरी' असं लिहून ती मी पेटीत तिसऱ्या जागी ठेवली.

ठळक नमुन्यावर ट्यूब आणि बटण दोघंही पास. मेणातल्या पुडीवर लाल उजेडात ट्यूब नापास, बटण पास. सर टाळ्या पिटायच्या बेतात. मग कोरी लावली. ट्यूबनं सपाट दाखवलं. बटण लावलं, आणि जिथं गारगोटीची रेघ यायची अगदी तिथंच हळूहळू एक टोक वर यायला लागलं.

सर म्हणाले, काहीतरी घाण आहे, पुसून घ्या. पुसून घेतली. टोक तसंच. दुसरं टिंब बघितलं, तिथं नव्हतं. तिसऱ्यावर पहिल्यापेक्षा उंच.

तिथून पुढं मी जे काम केलं ते नोकरीतलं सगळ्यांत कसून केलेलं काम असेल, आणि ते मी सगळं नवं मशीन खोटं पाडायला केलं. ट्यूबलाईटच्या उजेडात गडद लाल रंगाच्या काही रेघा असतात आणि त्यातली एक या रेघेच्या जवळच पडते. नवशिके हमखास तिला फसतात. म्हटलं, बाहेरच्या व्हरांड्यातला उजेड शिरत असेल. सगळ्या मजल्यावरचे दिवे बंद करायला लावले, सूक्ष्मदर्शकावर वरून दुसरं काळं कापड टाकलं. टोक तसंच. म्हटलं, स्लाईडची काच बोलत असेल. जिथं काप नाही नुसती काच आहे तिथं किरण टाकला. काही नाही. म्हटलं, शेजारी इमारतीचं बांधकाम चाललंय, तिथली वाळू उडून बसली असेल. मुळे डॉक्टरांकडून त्याच तुकड्याचा ताजा काप मागवला, झाकून, डबीत बंद करून. त्यातही टोक. शेवटी डॉक्टरांनी दुसऱ्या एका माणसाच्या फुफ्फुसाचा काप दिला, जो आयुष्यभर दुकानात गल्ल्यावर बसलेला. तो बटणाखाली ठेवला तर सपाट. खरी कोरी स्लाईड ती होती.

मी त्या दिवसांत नमाजाला बसले की दुवा मागायची, हे बटण खोटं निघू दे. नव्या मशीनचं वाकडं व्हावं म्हणून दुवा मागणारी तांत्रिक अधिकारी मी एकटीच असेन. लाज वाटायची, पण मागायची. रावसाहेबाचा पेढा खाऊन बसले होते ना मी.

सरांनी सगळे आलेख टेबलावर पसरले आणि म्हणाले, शमीमताई, याच्यासारखी आकृती मिळणार नाही, जुन्याला दिसत नाही ते नवं दाखवतंय, आणि तेही खऱ्या माणसाच्या फुफ्फुसात! मी 'कोरी' लिहिलेली स्लाईड त्यांच्यासमोर ठेवली. मग त्यांचंही हसू मावळलं. खुर्चीत बसले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांच्या हातून आनंद झाला, एवढंच.

मुळे डॉक्टरांनी रावसाहेबाला बोलावणं धाडलं. तो आला नाही. बरं वाटतंय, ड्यूटी आहे, पुढच्या आठवड्यात येतो, असे निरोप यायचे. तिकडं एकेक दिवस तो धुरळ्यात उभा होता आणि आम्ही निरोपांची वाट बघत होतो. सर म्हणाले, मला नाही हो जमणार त्याला सांगायला. मग डॉक्टरांशी बोलून, त्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मीच रिक्षा करून पुंडलिकनगरला गेले.

घर स्वच्छ, टापटिपीचं. त्याची बायको वंदना दारातच म्हणाली, या आपा, हे सारखं तुमचंच नाव काढतेत. रावसाहेब पलंगावर उशीला टेकून बसला होता. आणखी वाळला होता, पण मला बघून उठून उभा राहिला. पोरगी क्लासला गेली होती ते बरंच झालं. चहा आला. मी तो संपवला, कारण आधी सांगितलं असतं तर तिच्या हातचा चहा तसाच राहिला असता.

मग सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. नवं यंत्र आलं, त्याला जे दिसलं ते जुन्याला दिसत नव्हतं, आम्ही सगळ्या बाजूंनी तपासलं, धूळच आहे. डॉक्टरही तेच म्हणताहेत. गोळ्या बंद करायच्या आणि नॉकआउट आजपासून बंद.

त्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. मग विचारलं, "मंग याला औषध काय?"

"नाही, रावसाहेब."

"टीबीला तरी व्हतं."

वंदनानं कपबश्या उचलल्या आणि परत खाली ठेवल्या. रावसाहेब मान हलवत म्हणाला, "आपा, राग नका धरू. तुमचं जुनं मशीनच बरं व्हतं."

मी म्हटलं, जुनं आंधळं होतं. तर म्हणाला, व्हय, म्हणूनच. मला रडू आलं. परक्याच्या घरी बसून मी डोळ्याला पदर लावला, आणि ज्याच्यासाठी रडत होते तोच मला पाणी द्या म्हणून बायकोला सांगत होता.

वंदना पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर खाली बसली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं विचारलं, "म्हंजी पेढे वाटले तवापासून आजवर जे आत गेलं, त्याचं काय?"

डॉक्टर सांगतात की धूळ वर्षानुवर्षं साठते, थोड्या दिवसांनी फार फरक पडत नाही. ते मी बोलून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. तिला पटलं नाही आणि खरं विचाराल तर मलाही पटलं नाही. डबल ड्यूटी केली होती त्यानं, आमच्या भरवशावर.

रावसाहेबानं काम सोडलं. नवऱ्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही म्हणून वंदनाच हटून बसली. ती एका शाळेत खिचडी शिजवायला जायला लागली. तो घरात बसून असायचा, गॅलरीतून रस्ता बघायचा. सरांचा लेख छापून आला, चांगला नावाजला गेला. पहिल्याच आकृतीत रावसाहेबाचा काप आहे. खाली नुसतं 'नमुना' असं लिहिलंय, आणि ते तसंच लिहायचं असतं. बटण कंपनीला परत गेलं. नवं घ्यायचा प्रस्ताव इकडून तिकडं फिरत राहिला आणि काळे सर निवृत्त झाल्यावर फिरायचाही थांबला. मी म्हातारीला पुसून परत तिच्या जागी बसवलं. तेलाला आणि दगडाला ती पुरेशी होती.

माझ्या नोकरीचे शेवटचे महिने चालू होते तेव्हा एका दुपारी जिन्यावर खोकला ऐकू आला. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. रावसाहेब होता, आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला वर आणणारा संतोष. रावसाहेबाला बोलायला दम पुरत नव्हता. एक शब्द बोलायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा, मग पुढचा. तरी तोच बोलत होता. संतोषच्या फोटोत तसलेच ठिपके आलेत. त्यालाही टीबीच्या गोळ्या चालू केल्यात. मुळे डॉक्टर म्हणतात, तपासून देणारं कुणी असेल तर आतला तुकडा काढतो, नाहीतर नुसता चिरा कशाला द्यायचा? तर आपा, याचं बघाल का?

मी सांगितलं की बटण गेलं. आता फक्त जुनी ट्यूब आहे.

संतोष लगेच म्हणाला, मग जुन्यावर बघा ना. तो म्हणाला ते सहज म्हणाला नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला.

मी नाही म्हटलं. जिला दिसणारच नाही तिच्याखाली मी माणसाचं फुफ्फुस ठेवणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. ती काही नाही म्हणेल, तुम्ही पेढे आणाल, आणि मी ते आता खाऊ शकणार नाही. काम सोड बाबा, तपासल्याशिवाय सोड. संतोषनं मान खाली घातली आणि हातातली फोटोची पिशवी उगीच या हातातून त्या हातात घेत राहिला.

रावसाहेब स्टुलावर पुढं वाकून बसला होता. त्यानं संतोषच्या मनगटाला धरलं. थांबत थांबत, दर दोन शब्दांना श्वास घेत तो म्हणाला, "आरं, मशीनला दिसलं नाय म्हंजी नाय असं नसतं. माझं बघ. सोड तू."

संतोषनं मनगट सोडवून घेतलं नाही. मग लहान लेकराला समजवावं तशा आवाजात म्हणाला, "दिसलं की सोडतो, भाऊ."

त्यानं रावसाहेबाला उठवलं, एकेक पायरी उतरवत खाली नेलं, गाडीवर मागं नीट बसवलं. त्याला घरी सोडून पुढं वाळूजला पोचायचं होतं. सेकंड शिफ्ट होती, म्हणून तो चहालाही थांबला नाही.